दारापुढचा चौथरा आणि ओसरी: अमेरिकी उपनगरांतील जुन्या घरांची पुनर्बांधणी

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत आणि पंचमहासरोवरांच्या परिसरात, बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो, मिनीॲपोलिस यांसारख्या शहरांच्या कडेने, साधारण १८८० ते १९६० या काळात जी उपनगरे वसत गेली, त्यांतील घरांच्या दर्शनी बाजूला बहुधा दोनपैकी एका प्रकारचे प्रवेशस्थान आढळते. पहिला प्रकार स्टूपचा, म्हणजे तळघरामुळे जमिनीपासून दोन-चार फूट उंच गेलेल्या दारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्या माथ्यावरचा, दार उघडून उभे राहता येईल एवढाच, बहुतेक वेळा बिनछपराचा चौथरा. दुसरा प्रकार पोर्चचा, म्हणजे घराच्या पुढच्या भिंतीला लागून असलेली, खांबांवर छप्पर पेललेली आणि रस्त्याच्या बाजूने उघडी असलेली ओसरी. मोटार उभी करण्यासाठी आपल्याकडे जो पोर्च बांधतात, त्याच्याशी तिचा संबंध नाही. सोयीसाठी या लेखात पहिल्या प्रकाराला चौथरा आणि दुसऱ्याला ओसरी असे म्हटले आहे.

घराच्या इतर भागांच्या मानाने हे दोन्ही भाग लवकर जीर्ण होतात आणि त्याची कारणे दोन आहेत. भिंतींना छपराच्या वळचणीचा थोडाफार आडोसा मिळतो, तर चौथऱ्यावर आणि ओसरीच्या कडांवर ऊन, पाऊस आणि बर्फ थेट येतात, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून ते जमिनीखाली दडलेले असते: घर तळघराच्या खोल पायावर उभे असते, पण त्याला चिकटून बांधलेला चौथरा किंवा ओसरीचे खांब पुष्कळदा उथळ पायावर, किंबहुना नुसत्या भरावावर टेकलेले असतात. दिसायला एकसंध असलेली ही वास्तू पायाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र बांधकामांची असते, ती दोन्ही वेगवेगळ्या गतीने हलतात आणि त्यांच्यामधल्या सांध्यातून पाणी आत शिरते. पुनर्बांधणी टिकेल की नाही, हे मुख्यतः या सांध्याचा, या पाण्याचा आणि या जमिनीचा विचार किती नीट झाला आहे, यावरच ठरते.

ओसरी आली आणि आक्रसली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तरेकडील राज्यांतील सामान्य घरांना प्रशस्त ओसरी क्वचितच असे. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानरचनाकाराने १८४२ आणि १८५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांतून, घराला निसर्गाशी जोडणारा आणि रहिवाशांना सावलीत बसता येईल असा भाग म्हणून ओसरीचा जोरदार पुरस्कार केला. त्यानंतरच्या दशकांत वाफेवर चालणाऱ्या लाकूडगिरण्या आणि रेल्वे यांमुळे कातीव खांब, कठड्यांचे गज आणि नक्षीच्या पट्ट्या तयार स्वरूपात, स्वस्तात आणि दूरवर मिळू लागल्या. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे मध्यमवर्गाला शहराबाहेर राहणे शक्य झाले. आणि ट्रामच्या मार्गांलगत उभ्या राहिलेल्या घरांना ओसरी असणे हा जणू नियमच झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत लोकप्रिय झालेल्या बंगला-पद्धतीच्या घरांत ओसरी हे घराचे मुख्य अंग ठरले. या पद्धतीचे मूळ बंगालमधील उतरत्या छपराच्या घरांत असून ब्रिटिशांमार्फत ती इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेला गेली, त्यामुळे या घरांचे भारताशी असलेले नाते खरेखुरे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या वसाहतीत सतरा हजारांहून अधिक घरे जवळजवळ साखळी पद्धतीने बांधली गेली. अशा घरांत खर्च वाचवण्यासाठी दर्शनी ओसरी गाळली जाऊन दारापुढे दोन-तीन पायऱ्यांचा आटोपशीर चौथरा राहिला. मोटारीमुळे येणेजाणे गॅरेजमधून होऊ लागले, दूरदर्शन संच आणि वातानुकूलन यंत्र यांनी संध्याकाळ घरात नेली आणि बसण्याची जागा मागच्या अंगणात सरकली. परिणामी आज दुरुस्तीला येणाऱ्या कामांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: १९३० पूर्वीच्या लाकडी किंवा विटांच्या ओसऱ्या, आणि युद्धोत्तर काळातील काँक्रीटचे किंवा विटांनी मढवलेले चौथरे. दोहोंचे आजार वेगळे दिसत असले, तरी त्यांचे मूळ पुष्कळ अंशी एकच असते.

जमीन का हलते

तळघर खणताना गवंड्यांना भिंतीच्या बाहेरच्या बाजूने काम करता यावे म्हणून खड्डा घराच्या मापापेक्षा चहूबाजूंनी काही फूट मोठा घेतात आणि भिंत पुरी झाल्यावर ही उरलेली जागा तीच माती लोटून बुजवतात. हा भराव थराथराने टाकून प्रत्येक थरावर पाणी व धुम्मस केली नाही, तर तो पुढे वर्षानुवर्षे आपल्याच वजनाने दबत राहतो. दारापुढचा चौथरा नेमका याच पट्ट्यावर बसलेला असतो. त्याची घराकडची कड सैल भरावावर आणि रस्त्याकडची कड न खणलेल्या घट्ट जमिनीवर असल्यामुळे तो खचताना घराच्या दिशेने कलतो, आणि बाहेर वाहून जावे असे पाणी उलट फिरून उंबरठ्याखाली व तळघराच्या भिंतीपाशी जाते. तिथली माती भिजून आणखी दबते, चौथरा आणखी कलतो, आणि बिघाडाचे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. तळघरात नेमकी दाराखालच्या भिंतीला ओल दिसली, तर तिचे मूळ बहुधा वरच्या चौथऱ्याच्या उलट ढाळात सापडते.

दुसरे कारण हिवाळ्यातील गोठणाचे. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे शालेय पाठ्यपुस्तकातले ज्ञान जमीन उचलली जाण्याचे पूर्ण स्पष्टीकरण देत नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकाने १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पाण्याऐवजी बेंझीन वापरून मातीचे नमुने गोठवून पाहिले. गोठताना आकुंचन पावणाऱ्या या द्रवानेही माती वर उचलली, तेव्हा केवळ प्रसरण हे तिच्या उचलण्याचे कारण असू शकत नाही हे सिद्ध झाले. प्रत्यक्षात गोठणाच्या पातळीपाशी बर्फाची पातळ भिंगासारखी पटले तयार होतात, ती खालच्या ओल्या मातीतून केशाकर्षणाने पाणी वर खेचून घेत जाड होतात आणि वरचा थर, त्यावरच्या बांधकामासकट, काही इंचांपर्यंत वर ढकलतात. यासाठी गोठवणारी थंडी, पाण्याचा पुरवठा आणि बारीक कणांची गाळवट माती या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. भरड वाळू-खडीत केशाकर्षण क्षीण असल्यामुळे तिच्यात ही पटले सहसा वाढत नाहीत.

महाराष्ट्रात जमीन गोठत नाही. मात्र विदर्भ-मराठवाड्यातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा उथळ पायावरच्या पायऱ्या आणि कुंपणाच्या भिंती जशा दरवर्षी थोड्याथोड्या हलतात, तसाच ऋतुचक्राला बांधलेला हा प्रकार आहे, फक्त तिथे फुगवण्याचे काम चिकणमातीऐवजी बर्फ करतो. उपायही तत्त्वतः एकच, तो म्हणजे पाया या हालचालीच्या थराखाली नेणे. अमेरिकेत प्रत्येक प्रदेशासाठी गोठणखोली, म्हणजे हिवाळ्यात जमीन जितक्या खोलवर गोठू शकते ती मर्यादा, बांधकाम नियमांत ठरवून दिलेली असते. शिकागोत ती ४२ इंच धरली जाते, तर मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात ४२ आणि उत्तर भागात ६० इंच. जुन्या ओसऱ्यांचे खांब मात्र पुष्कळदा फूट-दीड फूट खोल ठेवलेल्या दगडावर किंवा विटांच्या चौरसावर उभे असतात.

नवा पाया खोल नेतानाही एक बारकावा सांभाळावा लागतो. गोठलेली माती खांबाच्या बाजूंना घट्ट धरते आणि स्वतः वर जाताना त्यालाही ओढून नेते, त्यामुळे खडबडीत, वेडावाकडा खड्डा काँक्रीटने भरला तर तळ पुरेसा खोल असूनही खांब उचलला जाऊ शकतो. म्हणून पुठ्ठ्याच्या नळीत ओतलेला गुळगुळीत बाजूंचा आणि तळाशी घंटेसारखा रुंद केलेला खांब घेतात. बाजूंवर मातीची पकड बसत नाही आणि रुंद तळ त्याला खाली धरून ठेवतो.

काँक्रीट आणि विटांचा चौथरा

कललेला पण अभंग चौथरा पाडण्याची गरज नेहमीच नसते. त्याला भोके पाडून खालून माती-सिमेंटचा पातळ लगदा किंवा फुगणारा पॉलियुरेथेन फोम दाबाने भरून तो पातळीत आणता येतो. मात्र हा उपाय भरलेल्या पोकळीपुरताच असतो. खालचा भराव अजून दबत असेल किंवा पन्हळीचे पाणी तिथेच पडत असेल, तर चौथरा पुन्हा खचतो. जिथे काँक्रीटच फुटले आहे, तिथे जुने बांधकाम काढून गोठणखोलीपर्यंत पाया नेणे आणि चौथऱ्याच्या बाजूच्या भिंतींवर सळया घातलेली लादी टाकून ती आतल्या भरावावर मुळीच अवलंबून राहणार नाही असे करणे, हा खात्रीचा मार्ग. घराशी जोडणी कशी करायची, हा निर्णयही इथेच घ्यावा लागतो: चौथरा घराच्या पायाला सळयांनी पक्का बांधून दोघांना एकत्र हलू द्यायचे, किंवा मध्ये लवचीक पट्टी आणि वरून सील घालून दोघांना एकमेकांपासून मोकळे ठेवायचे. दोन्ही रीती योग्य ठिकाणी चालतात. अर्धवट जोडणी मात्र ताण एका जागी गोळा करते आणि नेमकी तिथेच फुटते.

काँक्रीटचा पृष्ठभाग झडण्याचे कारण त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले पाणी असते. ते गोठताना आतून दाब येतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. मिश्रणात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे निर्माण केल्यास गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा मिळते, हा शोध १९३० च्या दशकात लागला आणि पुढे असे हवायुक्त काँक्रीट थंड प्रदेशात रूढ झाले. त्याआधीच्या पायऱ्यांना हे संरक्षण नाही. नव्या कामात साधारण ५ ते ७ टक्के हवा, कमी पाण्याचे मिश्रण आणि ओतल्यानंतर काही दिवस नीट पाणी धरणे, या तीन गोष्टी पृष्ठभागाचे आयुष्य ठरवतात. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ या झिजेला वेग देते आणि त्यातील क्लोराइड आत झिरपून सळया गंजवते.

गंजाचा परिणाम पाहायचा असेल, तर पायरीत रोवलेल्या लोखंडी कठड्याच्या पायापाशी पाहावे. प्रथम गजाभोवती तांबूस कडे उमटते, मग तिथून पायरीच्या जवळच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर जाते, आणि काही हिवाळ्यांनंतर तो कोपरा त्रिकोणी ढलप्यासारखा सुटून येतो. मूळ लोखंडाच्या मानाने गंज दुपटीहून अधिक, कधी कधी सहापटीपर्यंत जागा व्यापतो, आणि ही जागा तो काँक्रीट फोडूनच मिळवतो. असा कोपरा नुसता सिमेंटने भरला तर तो पुन्हा निघतो; गज कापून, गंजलेला भाग काढून, नवा कठडा पृष्ठभागावर बसणाऱ्या पत्र्याच्या चकतीवर किंवा पायरीच्या बाजूवर बसवणे अधिक टिकाऊ ठरते.

झिजलेल्या पायऱ्यांवर इंच-दीड इंच नवे काँक्रीट चढवणे हा स्वस्त वाटणारा उपाय आणखी एका कारणाने घातक असतो. त्यामुळे सर्वांत खालच्या पायरीचा चढ वाढतो आणि उंबरठ्यापाशी सर्वांत वरचा कमी होतो. पायऱ्या चढताना माणूस पहिल्या एक-दोन चढांवरून पुढच्यांचा अंदाज बांधतो आणि मग पाहत नाही, म्हणून असमान चढावर ठेच लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार पायरीचा चढ ७¾ इंचांहून जास्त नसावा, पाऊल ठेवायची रुंदी १० इंचांहून कमी नसावी आणि एका जिन्यातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान चढात ⅜ इंचाहून अधिक फरक नसावा.

विटांच्या चौथऱ्यात चूक बहुधा दरजा भरताना होते. जुन्या मऊ विटा चुन्याच्या मसाल्यात बसवलेल्या असतात आणि तो मसाला विटेपेक्षा मऊ असल्यामुळे हालचाल आणि ओल दोन्ही दरजेतून बाहेर पडतात. त्या दरजा कडक पोर्टलँड सिमेंटने भरल्या की ओलीला विटेतूनच बाहेर पडावे लागते आणि हिवाळ्यात विटेचा दर्शनी थर गळून पडतो. दरज पुन्हा भरता येते, वीट परत मिळत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे मसाला विटेहून मऊ का ठेवायचा ते समजते.

लाकडी ओसरी

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढ सुरू करण्यासाठी लाकडात सुमारे २८ टक्क्यांवर ओलावा लागतो, आणि तो २० टक्क्यांखाली राहिला तर लाकूड दीर्घकाळ सुरक्षित असते. म्हणूनच जुन्या सुतारांची सारी रचना पाणी थांबू न देण्याभोवती आहे. ओसरीच्या तळाला घरापासून बाहेरच्या बाजूस प्रत्येक फुटामागे आठवा ते पाव इंच ढाळ असतो; एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत बसणाऱ्या अरुंद फळ्या भिंतीला काटकोनात, म्हणजे ढाळाच्याच दिशेने घालतात, जेणेकरून पाणी सांध्यांना आडवे अडून न बसता त्यांच्या बाजूने वाहून जाते; आणि खालच्या पोकळीत हवा खेळावी म्हणून तिला जाळीदार पट्ट्यांचा पडदा लावतात. दुरुस्तीत हीच जाळी काढून तिथे भरीव पत्रा ठोकला गेला, तर वरून नवीन दिसणारा तळ खालून काही वर्षांतच कुजतो.

ओसरीचे सर्वांत नाजूक ठिकाण म्हणजे खांबाचा तळ. मोठे गोल खांब बहुधा भरीव नसतात. लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली ती पोकळ नळी असते आणि तिच्या तळाशी चौकोनी पाटा असतो. वरच्या छपरातून झिरपलेले पाणी नळीतून खाली येऊन पाट्यावर साचते, तिथे वारा लागत नाही, आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाच आतला भाग टाचणी सहज रुतेल इतका मऊ होतो. म्हणून नव्या पाट्याला खाच ठेवून किंवा खाली धातूचे छोटे उंचवटे देऊन हवा आणि पाणी दोघांना वाट करून देतात. खांब काढण्याआधी छपराला तात्पुरते टेकू देणे अनिवार्य असते, आणि खचलेले छप्पर स्क्रू जॅकने एकदम न उचलता दिवसाकाठी थोडेथोडे उचलावे लागते. वर्षानुवर्षे वाकून स्थिरावलेली तुळई झटक्यात सरळ केली, तर सांधे उकलतात आणि घरातल्या गिलाव्यालाही तडे जातात.

किती लाकूड ठेवायचे आणि किती बदलायचे, हा पुढचा प्रश्न. शंभर वर्षांपूर्वीचे लाकूड बहुधा जुन्या जंगलांतील सावकाश वाढलेल्या झाडांचे, दाट वलयांचे आणि गाभ्याचे असते. आजच्या लागवडीतील झपाट्याने वाढलेल्या लाकडाहून ते कुजण्याला अधिक प्रतिकार करते. त्यामुळे कुजलेला तुकडाच कापून तिथे त्याच जातीचे ठिगळ बसवणे, किंवा मऊ झालेला भाग इपॉक्सीने घट्ट करून भरणे, पुष्कळदा संपूर्ण बदलापेक्षा किफायतशीर ठरते. जमिनीलगतच्या, रंगाखाली न येणाऱ्या वाशांसाठी मात्र रसायन मुरवलेले लाकूड योग्य. २००३ अखेर आर्सेनिकयुक्त प्रक्रियेचे लाकूड अमेरिकेत निवासी वापरातून बाहेर गेले आणि त्याची जागा तांब्याचे प्रमाण जास्त असलेल्या प्रक्रियांनी घेतली. हे तांबे साध्या पोलादाला लवकर गंजवते, म्हणून खिळे, बोल्ट आणि पट्ट्या वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच लागतात. घराच्या भिंतीला जोडलेली आडवी तुळई नुसत्या खिळ्यांवर न टांगता बोल्टने आवळायची आणि तिच्या माथ्यावर पाणी अडवणारा धातूचा पत्रा भिंतीच्या आवरणाखाली सरकवायचा, हे दोन नियम पाळले नाहीत, तर तुळई कुजून किंवा निसटून ओसरीच कोसळण्याचा धोका असतो.

नियम आणि जुनेपण

काम सुरू करण्यापूर्वी काही कायदेशीर बाबी पाहाव्या लागतात. निवासी वापराच्या शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली, म्हणून त्याआधीच्या ओसरीचा रंग शिसेयुक्त असू शकतो, हे गृहीत धरावे लागते. २०१० पासून अशा घरांत रंग उखडणारे काम करणाऱ्या व्यावसायिकांना पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आणि धूळ आवरण्याची ठरलेली पद्धत बंधनकारक आहे. जमिनीपासून ३० इंचांहून उंच असलेल्या तळाला किमान ३६ इंच उंचीचा कठडा हवा आणि त्याच्या गजांमधून ४ इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये, असा संहितेचा दंडक आहे. जुने कठडे पुष्कळदा याहून बरेच बुटके असतात आणि ते उंच केले की ओसरीची प्रमाणबद्धता बिघडते, म्हणून जुना कठडा तसाच ठेवून त्यावर एक बारीक धातूची दांडी देण्याची तडजोड अनेक ठिकाणी मान्य होते. काही गावांत ओसरी रस्त्यापासून सोडायच्या आजच्या मोकळ्या जागेत आलेली असते. ती आहे तशी दुरुस्त करता येते, पण पूर्ण पाडली तर त्याच जागी पुन्हा बांधण्याची परवानगी मिळेलच असे नसते.

वारसा म्हणून घोषित झालेल्या भागांत केंद्रीय अंतर्गत खात्याची (डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर) १९७० च्या दशकात तयार झालेली मानके वापरतात. जीर्ण भाग शक्यतो दुरुस्त करावा आणि बदलणे अटळ असेल तर आकार, पोत व शक्य तिथे साहित्य मुळाशी जुळावे, हे त्यांचे मुख्य सूत्र. नॅशनल पार्क सर्व्हिसने लाकडी ओसऱ्यांच्या जतनासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, यावरून या भागाला घराच्या इतिहासात किती महत्त्व दिले जाते, हे कळते. ओसरीबद्दलची ही आस्था केवळ जतनकर्त्यांपुरती राहिलेली नाही. १९८० च्या दशकात फ्लॉरिडातील सीसाइड या नव्या गावाची आखणी करताना आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी पुढची ओसरी नियमानेच आवश्यक केली आणि त्यानंतर नव्या घरांतही ओसरी पुन्हा रुजली.

या साऱ्याचा मेळ कामाच्या क्रमात दिसतो. आधी पन्हळी दुरुस्त करून छपराचे पाणी घरापासून दूर सोडायचे आणि भोवतालच्या जमिनीला बाहेरचा ढाळ द्यायचा; मग पाया तपासून तो गोठणखोलीखाली न्यायचा; त्यानंतर तुळया आणि वासे, मग तळ व पायऱ्या, आणि सर्वांत शेवटी कठडा व रंग. घरमालकाला मात्र सर्वांत आधी कठडा आणि रंगच खटकतात, ठेकेदाराच्या दरपत्रकात तेच ठळकपणे येतात, आणि पैसाही तिथेच संपतो. खर्च मर्यादित असेल तेव्हा पहिली दोन कामे पुरी करून वरची डागडुजी एक-दोन वर्षे लांबवणे परवडते. हा क्रम उलटला, तर वर केलेले काम पुढच्या काही हिवाळ्यांत पुन्हा उखडावे लागते आणि एकाच पायरीचा खर्च दोनदा होतो.